धाकटीच्या कुंड्यांवरची चादर

घरात गॅलरी एकच, आणि तीही अशी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पोट आत घ्यावं लागे. मधल्या खांबाच्या अलीकडची बाजू थोरल्या जावेची, पलीकडची धाकटीची. थोरली तेलाच्या रिकाम्या डब्यांत कोथिंबीर, मिरची लावायची आणि तिच्या हाताला गुण आहे, असं घरात सगळे म्हणायचे. मग धाकटी लग्न होऊन आली, आणि कौतुकाला वाटेकरी झाली.

धाकटीचं सगळंच फुकटात. फुटकी बादली, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, पाणी तांदूळ धुतलेलं. पुदिना विकतच्या जुडीतलाच. काड्या पेल्यात ठेवायच्या, मुळं फुटली की लावायच्या. धणे स्वयंपाकघरातले, लाटण्याखाली हलके रगडून एकेका दाण्याचे दोन केलेले.

"ताई, अख्खा धणा पेरला की उगवायला वेळ लावतो," ती सहज म्हणाली.

"असं का? बरं झालं सांगितलंस," थोरली म्हणाली, आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तेही तिने गिळलं असतं. पण थोरलीची लहानगी लेक, जिला सगळे चिमणी म्हणत, शाळेतून आली की दप्तर टाकून थेट खांबापलीकडे धावे.

"काकू, कोंब आला?"

"आला की! हळू हात लाव, त्याला गुदगुल्या होतात."

मग दोघींचं खिदळणं. थोरली बटाटे सोलत ऐकत राही. अलीकडच्या डब्यांना पूर्वी चिमणीच पाणी घालायची. कोथिंबीर गेली खड्ड्यात, पण लेक पलीकडे गेली, हे तिच्या काळजाला लागलं होतं.

ऊन तापू लागलं तसं तिला एक सुचलं. मोठी चादर धुतली, पिळली न पिळली, आणि दोरीवर बरोबर धाकटीच्या कुंड्यांपुढे टाकली.

"इथे लवकर वाळते," कुणी विचारलं नसतानाच तिने सांगून टाकलं.

मग रोजच चादर. मळलेली असो नसो.

"अगं, ही चादर पलंगावर कधी येते तरी का?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

उन्हाशिवाय रोप किती तग धरणार, असा तिचा होरा. पण करायला गेली एक आणि झालं भलतंच. भर उन्हात तिचे पत्र्याचे डबे चटका बसण्याइतके तापले. आतली मुळं शिजली, कोथिंबिरीचा वाळून पाचोळा झाला. ओल्या चादरीमागच्या गारव्यात धाकटीची मात्र हिरवीगार डुलत होती.

चिमणी धावत आली आणि आईच्या कमरेला बिलगली. किती दिवसांनी!

"आई, तुझ्या चादरीमुळे काकूची कोथिंबीर वाचली! मी शाळेत सांगितलं, माझी आई झाडांवर छत्री धरते."

मागून धाकटी आली. "खरंच ताई, मला सुचलंच नसतं."

थोरलीने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडेना. सापडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओली चादर हातात घेऊन दोरीखाली उभी राहिली. टाकावी, तर आपल्याच हाताने धाकटीचा मळा जोपासायचा. न टाकावी, तर लेकीला काय सांगायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"आई, लवकर! ऊन आलं!"

तिने चादर टाकली. नीट ताणून, कोपरेसुद्धा ओढून.

"मग आपल्या डब्यांवर का नाही?"

"चादर एकच आहे, बाळा."

"मग डबेच तिकडे नेऊ!" चिमणी डबा ओढूही लागली. धाकटीने आपली बादली सरकवून जागा केली. थोरली पोट आत घेऊन तिच्या शेजारी बसली. जळकी माती उकरली, आणि लाटणं मागवून धणे रगडले. एकेकाचे दोन.

पेरून झाल्यावर चिमणीने पाण्याचा तांब्या उचलला आणि सवयीने बादलीकडे वळली.

"अंहं," थोरली म्हणाली. "आधी आपल्या डब्यांना."