मोज्यातलं शिसं

मोजा तिच्या लेकीचा, टिल्लीचाच होता. राखाडी, टाचेपाशी पिवळी पट्टी असलेला, दोन महिन्यांपूर्वी हरवलेला आणि मिळायचा नाही म्हणून सोडून दिलेला... फक्त आता तो जड होता. बाबांच्या गाडीच्या दारातल्या कप्प्यात पाण्याची बाटली ठेवायला तिनं हात घातला, तर बोटांना तो लागला, आणि तळहातावर घेतल्यावर झोपलेल्या पिल्लासारखा दोन्हीकडून लोंबला. तोंड काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. दुहेरी टाका, शेवटी तीन गाठी. अशा तीन गाठी तिच्या ओळखीत एकच माणूस मारतो. आत चपटे, कडा असलेले तुकडे — टायर बदलल्यावर चाकाचा तोल साधायला रिमवर चिकटवतात ते शिशाचे तुकडे — दाबले की एकमेकांवरून सरकत होते.

‘ताई, बाबांच्या स्टिअरिंगला डावीकडे चरा पडलाय. काहीतरी टांगतात ते. एकदा बघा तुम्ही.’

गॅरेजवाला असं म्हणाला होता त्यालाही आता दोन महिने होत आले, आणि ती हसली होती. ‘पिशवी अडकवत असतील हो, त्यांना खिळा दिसला की पिशवी आठवते.’ टिल्लीचं अंग त्या दिवशी गरम वाटत होतं, की तिचेच हात गार होते, पाळणाघरात पोचायला उशीर झाला होता, आणि गॅरेजवाला नुसते हात पुसत राहिला. हात पुसायला त्याला जरा जास्तच वेळ लागला होता. तेव्हा लक्षात कसं आलं नाही? की आलं होतं, आणि तिनंच ते बाजूला सारलं होतं?

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून ती तशीच बसून राहिली. तिची स्वतःची गाडी आज गॅरेजात होती, म्हणून सकाळी बाबांनी आपली दिली होती. साडेतीनला ते बसनं इथे येणार, गाडी घेणार आणि चारला पाळणाघरातून टिल्लीला घरी आणणार. रोज तेच आणतात. गेलं वर्षभर. म्हणजे त्यातले निदान दोन महिने हा मोजा...

मोजा कशासाठी, हे तिला सांगायला कुणाची गरज नव्हती, कारण तिच्या गाडीतही तीच व्यवस्था आहे. गाडी आपली आपण चालते, रेषा धरते, पुढच्याला बघून थांबते, वळते — पण स्टिअरिंगवर माणसाचा हात आहे, हे तिला सारखं जाणवावं लागतं. हाताचं ओझं जाणवलं नाही की ती किणकिणते. मग मोठ्यानं ओरडते. तरीही हात आला नाही, तर आतल्या माणसाला काहीतरी झालंय असं समजून दिवे लुकलुकवत कडेला जाऊन उभी राहते. स्टिअरिंगला एका बाजूला हा मोजा टांगला की झालं. गाडीला वाटतं, हात आहे.

आणि हे बाबांनी करावं? बाबांनी?

एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. अर्ध्या गावाला ते मास्तर. ही गाडी घ्यायला तिनंच त्यांना भरीस घातलं होतं — ‘बाबा, यात सगळं आपोआप होतं,’ — तेव्हा म्हणाले, ‘आपोआप काही होत नसतं गं, फक्त करणारा दिसत नाही.’ दर रविवारी सकाळी त्यांची टोळी जमते, चौघं म्हातारे आणि एक दातांची डॉक्टरीण. डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यानं आपापल्या गाड्या वर न्यायच्या, वरच्या टपरीवर चहा प्यायचा, भांडायचं आणि खाली यायचं. एकदा टिल्लीला घेऊन तीही गेली होती. निवृत्त बस-ड्रायव्हर बशीत चहा ओतत म्हणाला होता, ‘त्या यंत्राची घरी कुणी वाट बघतंय का? नाही ना? मग ते कशाला सांभाळून चालवेल?’ त्यावर डॉक्टरीणबाई शांतपणे, ‘काका, माझ्या खुर्चीत येतात ते सगळे माणसांनी मोडलेले दात. यंत्रानं मोडलेला दात मी अजून पाहिला नाही.’ ‘तुम्ही धंदा बसायच्या भीतीनं तरी आमच्या बाजूनं बोला की,’ बस-ड्रायव्हर म्हणाला. सगळे हसले. आणि बाबा — बाबांनी टेबलावर थाप मारून सांगितलं होतं, मी ते आपोआप चालवायचं बटण अजून एकदाही दाबलेलं नाही, दाबणारही नाही, गाडी चालवायची असते. बोलताना त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता. वर गारवा होता, हात शेकत असतील असं तिला वाटलं होतं. कपाळावर मात्र घाम...

होता का घाम? की आज तिथे तिनं तो आणून ठेवला?

दुपारभर तिनं कागद वाचले. औषधाच्या खोक्यात बारीक घडी घालून जो कागद ठेवतात, तो छापायला जाण्याआधी तपासायचा, हे तिचं काम. चक्कर येऊ शकते. गुंगी येऊ शकते. वाहन चालवू नये. सहा वर्षांत तिच्या हातून एक इशारा चुकीचा गेला नव्हता. शेजारच्या टेबलावरची म्हणते, ‘तू लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा दुष्परिणाम शोधशील.’ आज एकच ओळ ती चौथ्यांदा वाचत होती, आणि पर्समधला मोजा पायाला लागत होता.

कारण तिचंही एक होतं, कुणालाच न सांगितलेलं. टिल्ली दोन महिन्यांची असताना, लस टोचून आणताना, दुपारी सव्वादोनला, स्वच्छ उन्हात ती स्टिअरिंगवर झोपली होती. किती वेळ, कळायला मार्ग नाही. जाग आली तेव्हा गाडी कडेला उभी होती, दिवे लुकलुकत होते, कर्कश आवाज चालू होता आणि मागे टिल्ली स्वतःची मूठ चोखत होती. गाडीनं तिचा हात सुटल्याचं ओळखलं होतं, आणि त्या दोघींना अलगद बाजूला नेऊन ठेवलं होतं, झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसं. नवऱ्याला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच. त्या दिवसापासून ती गाडीवर विश्वास ठेवते आणि स्वतःवर नाही. आणि गाडी व ती या दोघींच्याही वर, कधीही न तपासता — बाबा. आता हा मोजा त्या वेळी तिच्या स्टिअरिंगला टांगलेला असता तर? तर गाडी तिला जागी समजून पुढे गेली असती. कुठपर्यंत?

साडेतीनला ते आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात ते जाळीचे हातमोजे. गेल्या उन्हाळ्यापासून ते हातमोजे घालूनच गाडी चालवतात. टोळीतले चिडवतात, मास्तर शर्यतीला निघाले.

‘किल्ली आण. उशीर झाला की तुझी लेक दारात उभी राहून सगळ्यांना धाकात ठेवते.’

‘मीपण येते. आज लवकर सुटले.’

‘ये की.’

ती शेजारी बसली. त्यांनी दारातल्या कप्प्यात हात घातला, पुन्हा घातला, मग तिच्याकडे बघितलं. तिनं पर्स उघडून मोजा गिअरच्या पुढे ठेवला. पार्किंगचा पहारेकरी समोरून हात करून गेला, बाबांनीही मान हलवली.

‘सापडला होय,’ ते म्हणाले.

‘बाबा, हे काय आहे?’

‘काय आहे ते तुला ठाऊक आहे. तू शिकलेली आहेस.’

‘तुम्ही तर म्हणाला होतात, बटण दाबतच नाही.’

‘म्हणालो होतो.’ त्यांनी गाडी बाहेर काढली, नेहमीसारखीच, दोन्ही आरसे बघून, मान वळवून, कुणाला ब्रेक मारायला न लावता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर बटण दाबलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, बरोब्बर जिथे ठेवायला एकतीस वर्षं शिकवलं तिथे. ‘आता बघ.’

किणकिण सुरू झाली. हात तिथेच होते. पडद्यावर अक्षरं आली — स्टिअरिंग धरा.

‘धरलंय की नाही?’ ते गाडीला म्हणाले, की तिला. ‘धरलंय. पण हिला कळत नाही. हे यंत्र शिकाऊंसाठी आहे गं. नवखा मिठी मारल्यासारखं धरतो, ते हिला कळतं. मी तुला काय शिकवलं होतं?’

अंडं धरल्यासारखं. घट्ट धरतो तो घाबरलेला असतो. अठराव्या वर्षी, मोकळ्या मैदानात, ‘डोळे मीट, रस्ता आधी हाताला कळतो,’ असं म्हणत ते शेजारी बसलेले, त्यांच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा तो दुसरा ब्रेक, आणि तो त्यांनी तिच्यासाठी कधी दाबला नाही, निदान तिला तसं वाटत आलंय... तीही अजून तसंच हलकं धरते, आणि तिची गाडीही तिच्यावर किणकिणते, अगदी कालसुद्धा. म्हणजे ते म्हणतात ते खरं असू शकतं. हात इतका मुरलेला की यंत्राला पत्ता लागू नये. किंवा मग हातांत जोरच उरलेला नाही. तो दोन्ही हातांनी धरलेला कप. शर्टाचं वरचं बटण, जे हल्ली उघडंच असतं. टिल्लीच्या डब्याचं झाकण, जे ‘तू उघड, तुला जमतं का बघू’ म्हणून ते टिल्लीकडूनच उघडून घेतात.

किणकिण मोठी झाली. तिनं हात पुढे केला आणि स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर, डावीकडे, नुसता ठेवला. तिथे खरंच चरा होता, अंगठ्याला लागला. गाडी गप्प झाली.

बराच वेळ दोघं तसेच गेले. गाडी चालवत होती गाडी, हात होते बाबांचे, ओझं तिचं. तिला वाटलं विचारावं, बाबा, माझी बोटं दाबून दाखवा बरं, जोरात. इतकं साधं होतं. पण ते दाबतील आणि ते पुरेसं नसेल, मग? आणि पुरेसं असेल, तर मग ही मोज्याची शिवण कशासाठी?

‘तुझ्या नवऱ्याला सांगणार?’ त्यांनी विचारलं.

‘कळत नाही.’

‘मलाही कळत नाही,’ ते म्हणाले, आणि ते कशाबद्दल म्हणाले हे तिनं विचारलं नाही.

पाळणाघरातून टिल्लीला मागच्या सीटवर बसवून तिनं पट्टा ओढून दोनदा तपासला आणि म्हणाली, ‘बाबा, इथून मी चालवते.’ ते एक क्षण उभे राहिले. मग मागे टिल्लीशेजारी जाऊन बसले, आणि पूर्ण रस्ताभर, आरशात, तिला त्यांचा उजवा पाय दिसत नव्हता पण ठाऊक होता — तो रिकाम्या जागेवर ब्रेक दाबत असणार.

घरापाशी टिल्लीनं पुढे बोट केलं. ‘माझा मोजा.’

‘तिचाच आहे, दे तिला,’ बाबा म्हणाले.

मोजा द्यावा टिल्लीला, की बाबांच्या कप्प्यात ठेवावा? दिला, तर त्यांच्या घरापर्यंतच्या बारा मिनिटांच्या रस्त्यावर गाडी त्यांना ओरडेल, बटण काढून घेईल, आणि स्टिअरिंग उरेल फक्त त्या हातांत. ठेवला, तर गाडी त्यांना नीट घरी नेईल, फक्त मध्येच त्यांना काही झालं तर गाडीला ते कळणार नाही. ती उभी राहिली. तोवर टिल्लीनं मोजा घेतलाही होता, आणि जड लागला म्हणून दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

‘रिक्षानं जा ना बाबा. गाडी राहू दे इथे.’

‘शहाणी आहेस.’ त्यांनी किल्ली घेतली. बोटांतून ती निसटली नाही. तिनं पाहिलं.

गाडी वळणाशी गेली. काच खाली होती, त्यामुळे किणकिण ऐकू आली. मग मोठा आवाज. आणि मग एकदम बंद. बंद कशानं? त्यांनी घट्ट धरलं असेल आणि गाडीला पटलं असेल. किंवा गाडीनं हात टेकले असतील. किंवा त्यांनी काच वर केली असेल, एवढंच.

बारा मिनिटांचा रस्ता. पंचवीस झाली. फोन वाजतोय, उचलत नाहीत. चालवताना फोन उचलायचा नाही हा त्यांचाच नियम, तेव्हा न उचललेला फोन म्हणजे ते नीट चालवतायत... टिल्ली जमिनीवर बसून मोजा आपटतेय, आत शिसं वाजतंय, आणि ती खिडकीत उभी आहे — मी खिडकीत उभी आहे, आणि मला कुणाला सांगावं कळत नाही म्हणून तुम्हाला सांगते. पांढरी गाडी आहे. मागच्या काचेवर निळं बदक चिकटवलंय. सिग्नलला तुमच्या शेजारी थांबली तर आत बघा. हात स्टिअरिंगवर असतील, त्यावरून काही कळायचं नाही. काच खाली करायला सांगा आणि त्यांना रस्ता विचारा, कुठलाही. रस्ता सांगायला त्यांना फार आवडतं, हातमोजा काढून बोट करून सांगतील. बोट कुठे जातंय ते नका बघू. कसं जातंय, तेवढं बघा, आणि मला कळवा.