बर्फ मोजणाऱ्या वेबसाइटचं नवं घर

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे आणि स्वभावाने फार संशयी आहे. कुणी गोड बोलायला लागलं, की याला काय हवंय, हाच विचार माझ्या मनात आधी येतो. माझी गोष्ट ऐका आणि मग मला खुशाल नावं ठेवा.

माझा जन्म उत्तर मिनेसोटातला, कोर्पी सरोवराच्या काठचा. रेइनो सारेला नावाच्या सुताराने तेवीस वर्षांपूर्वी मला बनवलं. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात त्याचा धाकटा भाऊ गाडीसकट पातळ बर्फातून खाली गेला होता. तेव्हापासून रेइनो हिवाळाभर रोज पहाटे सरोवरावर जायचा, गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचा, जाडी मोजायचा आणि तो आकडा माझ्यावर लिहायचा. आकडा, तारीख आणि खाली एक ओळ: 'पायी जा' किंवा 'गाडी नको'. बस, एवढंच माझं काम. निळ्यावर पिवळी अक्षरं, त्यामुळे माझ्या रूपाला लोक हसायचे. पण बर्फाला भोक पाडून मासे धरायला निघालेला माणूस मला बघितल्याशिवाय बर्फावर पाऊल टाकत नसे. पुढे रेइनो गेला आणि त्याच्या बायकोने, लेम्पीने, गिरमिट हाती घेतलं.

वेबसाइटलाही राहायला जागा लागते, मित्रांनो. ती देणाऱ्याला होस्टिंग कंपनी म्हणतात. माझी जागा म्हणजे गावातल्या व्हर्नने आपल्या हार्डवेअरच्या दुकानामागे ठेवलेला एक कॉम्प्युटर. मागच्या उन्हाळ्यात व्हर्न म्हणाला, आता डोळे साथ देत नाहीत, ऑक्टोबरअखेर सगळं बंद करतो. डिसेंबरात बर्फ धरतो. तोवर मला घर मिळालं नाही, तर लोक अंदाजाने बर्फावर जाणार होते. रेइनोचा भाऊही अंदाजानेच गेला होता.

लेम्पी कंपन्या शोधायला बसली आणि काय एकेक नमुने निघाले म्हणून सांगू! 'दहा उत्तम होस्टिंग कंपन्या' अशी एक यादी सापडली. तिच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की यादी करणाऱ्याला त्याच कंपन्यांकडून दलाली मिळते. एक कंपनी पहिलं वर्ष जवळजवळ फुकट देत होती आणि दुसऱ्या वर्षाचा भाव विचारला की पान भलतीकडेच जायचं. आणखी एकीकडे म्हणे अमर्याद जागा होती, पण त्या जागेची मर्यादा अटींच्या अकराव्या पानावर दिलेली होती. आता सांगा, मी संशय घेऊ नको तर काय करू?

शेजारचा डुएन रोज कॉफी प्यायला आणि वेलदोड्याचा पाव खायला येई. तो म्हणाला, "लेम्पी, अगं नवरा करताना तरी एवढी चौकशी केली होतीस का?"

"नाही केली. म्हणून तर चाळीस वर्षं घोरणं ऐकलं," लेम्पी म्हणाली.

लेम्पीने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. दर सप्टेंबरात मुलांना ती सगळ्यात आधी बसचं मागचं, संकटात बाहेर पडायचं दार उघडायला शिकवायची. त्याच हिशेबाने तिने प्रत्येक कंपनीला फोन लावून एकच प्रश्न विचारला: मला तुम्हाला सोडून जायचं झालं, तर कसं जायचं? एकाने तिला अर्धा तास गाणी ऐकवली. दुसरा म्हणाला, बाई, तुम्ही आम्हाला सोडून जालच कशाला? तिसऱ्या कंपनीतल्या कॉर्लिस नावाच्या बाईने मात्र सरळ सांगितलं, "डावीकडे एक बटण आहे. ते दाबलं की सगळी पानं तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरतात. आमची परवानगी लागत नाही. आल्या दिवशीच करून बघा."

ही बाई इतकी सरळ कशी, याचाही मला संशय आलाच. पण मी तिच्याकडे राहायला गेले. व्हर्नने जाता जाता माझ्याकडे येणाऱ्यांची वाट नव्या घराकडे वळवून दिली आणि लेम्पीने सुस्कारा सोडला.

मग टपालातून पत्रं यायला लागली. तुमच्या वेबसाइटचं नाव संपत आलंय, ताबडतोब पैसे भरा! सगळी लबाडांची पत्रं. दर शनिवारी लेम्पी ती सौनाच्या, म्हणजे घाम काढायच्या गरम न्हाणीघराच्या, चुलीत घालायची आणि मी मनातून खूश व्हायचे. नोव्हेंबरात एक साधं पांढरं पाकीट आलं. त्यावर रेइनोचं नाव होतं. लेम्पीने ते उलटसुलट करून पाहिलं. "गेलेल्या माणसालासुद्धा सोडत नाहीत हे," ती म्हणाली आणि तेही चुलीत गेलं. बरं केलंस बाई, असं मीही म्हटलं.

ते पत्र खरं होतं, मित्रांनो.

घर वेगळं आणि नाव वेगळं, हे आम्हा दोघींना ठाऊकच नव्हतं. माझं नाव रेइनोने तेवीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका कंपनीत नोंदवलं होतं आणि ते अजून त्याच्याच नावावर होतं. मुदतीच्या सूचना त्याच्या ईमेलवर जायच्या, आणि ती ईमेल व्हर्नच्या कॉम्प्युटरबरोबरच बंद झाली होती. म्हणून त्यांनी कागद धाडला होता.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पहाटे लेम्पीने पाच इंच मोजले, माझ्यावर लिहिले आणि बघते तर माझ्या नावाखाली बुटांच्या जाहिराती! मी घरात धडधाकट होते, आकडा ताजा होता, आणि माझ्यापर्यंत कुणालाच येता येत नव्हतं. तिने कॉर्लिसला फोन केला. कॉर्लिस म्हणाली, नाव परत मिळेल, पण रेइनोच्या मृत्यूचा दाखला लागेल, मंगळवार उजाडेल.

"पत्र मीच जाळलं," लेम्पी म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवार-रविवारीच सगळा गाव बर्फावर उतरतो. गाड्या जिथून सरोवरावर जातात तिथे लेम्पी जाऊन उभी राहिली. थंडी अशी की श्वास मफलरवर गोठावा. बाई एकाहत्तर वर्षांची! दोन्ही दिवस, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, प्रत्येक गाडी थांबवून ती एकच सांगत होती, पाच इंच, पायी जा, गाडी नको. तिसरी गाडी डुएनची होती. मागे बर्फावर नेऊन ठेवायची मासेमारीची लाकडी खोली जोडलेली.

"मागच्या वर्षी या तारखेला फूटभर होता की गं," तो म्हणाला.

"तू बघितलंस का वेबसाइटवर?"

"उघडली नाही. म्हटलं, असेल तेवढाच."

"मागे घे, डुएन."

त्याने तिच्या पांढऱ्या झालेल्या पापण्यांकडे बघितलं आणि गाडी मागे घेतली. त्या दोन दिवसांत एकही गाडी बुडाली नाही. पण त्यात माझं काही श्रेय नाही. हे सगळं मला कळलं तेसुद्धा मंगळवारी, लेम्पीने माझ्यावर लिहिलं तेव्हा.

मित्रांनो, मी जगावर संशय घेत बसले आणि माझं स्वतःचं नाव कुणाकडे आहे, हे कधी विचारलं नाही. तुमची वेबसाइट असेल तर तिचं घर, तिचं नाव आणि तिची ईमेल, तिन्हींची काळजी घ्या, आणि ती कुठे आहेत ते घरातल्या माणसाला सांगून ठेवा. आणि माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आता माझ्या आकड्याखाली लेम्पीचा फोन नंबर आहे. त्याच्याखाली तिने लिहिलंय: 'आधी तारीख बघा. जुनी असेल तर मला फोन करा. मी उचलला नाही, तर पाऊल टाकण्याआधी भोक स्वतः पाडा.'