आळी विकायची न्हाई

ओतूरच्या एसटी स्टँडमागच्या आळीत लंकाबाईची पिठाची गिरणी होती. खाली दुकान, वर घर, अशी सगळी आळी. भिमाजी न्हाव्याचं दुकान, हर्षालीचं शिवणकाम, समोर हौशीरामची सायकलदुरुस्ती. कॉलेजच्या पोरी स्टँडवर जाताना इथूनच खिदळत जायच्या.

मग खताचा व्यापार करणाऱ्या बाळासाहेबांनी एकेक घर विकत घ्यायला सुरुवात केली. भाव चांगला देत, त्यामुळं कुणी नाही म्हणेना. घरांची गोदामं झाली. आत खताच्या गोण्या, टोमॅटोचे रिकामे क्रेट. ट्रक आला की तेवढं शटर वर जायचं. भिमाजी आळेफाट्याला गेला, हर्षाली मंचरला. सामसूम बघून पोरींनी वाट बदलली, हायवेनं लांबून जाऊ लागल्या. भरदुपारी आळीत कुत्रं फिरकेना.

बाळासाहेब एक दिवस गिरणीत आले. "काकू, कुणासाठी चालवता ही? गिऱ्हाईक तर उरलं न्हाई."

"गिऱ्हाईक तुमीच घालवलं, बाळासाहेब. आता मलाबी घालवायला आलात व्हय?"

चाकणच्या कंपनीत कामाला असलेल्या लेकाचा, आदेशचाही फोन आला. "आई, सगळे गेले. तू एकटी काय करणार?"

"बघ की काय करते," म्हणाली आणि फोन ठेवला. बोलून बसली खरी, पण काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ती स्टँडवर गेली. डोंगराकडच्या बाया नाचणी-तांदूळ घेऊन तिथं उन्हात बसत, कुणी ना कुणी हाकलायचं. त्यातल्या इंद्रायणीला ती म्हणाली, "माझ्या ओट्यावर बस. सावली हाये, पाणी हाये."

पुढच्या बाजाराला इंद्रायणी आणखी बायांना घेऊन आली. ओटा पुरेना, आळीत पोती पसरली. गिऱ्हाईक नाचणी घ्यायचं आणि तिथंच दळून न्यायचं. त्यांच्यातल्याच मोहिनीनं पायरीवर चहाचा स्टोव्ह मांडला. गलका ऐकून कॉलेजच्या दोन पोरी डोकावल्या, मग घोळकाच आला.

बाजार असा रंगात असतानाच खताचा ट्रक हॉर्न मारत आत घुसला. बाया पोती गोळा करू लागल्या. लंकाबाई पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आली आणि बंपरपुढं उभी राहिली.

"बाजार उठंपतुर गाडी आत येणार न्हाई."

बाळासाहेब गोदामातून तणतणत आले. "रस्ता काय तुमच्या बापाचा हाये?"

"न्हाई. आन् तुमच्याबी न्हाई!"

इंद्रायणीनं गुंडाळलेलं पोतं पुन्हा पसरलं, थेट चाकापुढं. समोरून हौशीराम आला. त्याचं घर बाळासाहेबांना द्यायचं ठरलेलं होतं. हातातला पाना तसाच धरून तो लंकाबाईशेजारी उभा राहिला. "बाळासाहेब, माझा इचार बदलला. मी दुकान सोडत न्हाई."

ड्रायव्हरनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि ट्रक मागं घेतला.

गोदामं काही गेली नाहीत, हर्षालीही परतली नाही. पण बाजाराच्या दिवशी ट्रकमधला माल आता पहाटेच उतरतो, आणि दिवसभर आळी माणसांनी फुललेली असते.

परवा बाळासाहेबांनी वाढीव भाव सांगायला माणूस पाठवला. तो दारातच घुटमळत उभा राहिला. मागं बायांची रांग लागलेली.

"पावणं," लंकाबाई म्हणाली, "दळण आणलं आसंल तर ठेवा. न्हाईतर वाट सोडा."