आपलीच पेटी

एक होतं राळेगाव. तिथं एक होते मधुसूदनराव, एक होत्या शोभाबाई. मधुसूदनराव कचेरीत कारकून, त्यांचे वडील कारकून, वडिलांचे वडीलही कारकूनच. घरात शाई होती, टाक होते, पण गळा कोणालाच नव्हता, आणि वाद्य म्हणाल तर देवापुढची घंटा तेवढी. मुलगा मंदार पुण्याला नोकरीला लागलेला. आणि तिकडे दूर, फुलसावंगीच्या अंगाला, एक होता तांडा. तांड्यात एक होती रुक्माबाई, तिची लहानगी लेक अंजू, आणि तिचा नवरा शंकरसिंग, जो बाजाची पेटी वाजवायचा. या दोन घरांची गाठ पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. ती पडली एका खोलीपायी.

राळेगावभोवतीच्या गावांत भजनाला शंकरसिंगाची पेटी लागायची. तांडा पडला दिवसभराच्या एस.टी.वर, म्हणून त्यानं मधुसूदनरावांची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. माणूस सरळ, हसरा, पहाटे उठून अंगण झाडून टाकणारा. दोन-तीन वर्षं बरी गेली. मग ती कापूस बुडाल्याची वर्षं आली. ती कशी होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. एवढंच सांगते की ज्या त्या गावात कोणाच्या ना कोणाच्या घरी सुतक असायचं, आणि गावात सुतक असलं की टाळ वाजत नाही. एका घराचं फिटत नाही तोवर दुसऱ्या घराचं लागायचं. भजनं बंद पडली, तशी पेटीही गप्प झाली.

एका सकाळी शंकरसिंग पेटी घेऊन मधुसूदनरावांच्या दारात उभा राहिला. पेटीवर रुक्माबाईनं शिवलेली लाल खोळ होती, बारक्या आरशांची.

"साहेब, आदिलाबादकडे काम लागलं मले. तिकडं पत्र्याखाली राह्यनं हाय, भाता सडून जाईन. तुमच्यापाशी ठेवतो. आलो का नेतो."

"ठेव बाबा," मधुसूदनराव म्हणाले. "कुठे जाते ती."

तो गेला. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. माणूस आला नाही, निरोप आला नाही. पेटी रस्त्याकडच्या खोलीत तशीच राहिली. शोभाबाई झाडताना तिच्यावरून फडकं फिरवत, पण खोळ कधी काढत नसत. दुसऱ्याची वस्तू, तिला उघडं कशाला करायचं.

अशात शाळेच्या मोठ्या बाई, विमलताई, घरोघर फिरू लागल्या. शाळेत गाणं सुरू करायचं होतं आणि वाद्य एकही नव्हतं. त्या मधुसूदनरावांकडे आल्या, चहा घेतला, म्हणाल्या, "भाऊ, पोरांच्या कानात इतक्यात रडणंच भरून राह्यलं. थोडं गाणं भरून पाहू म्हटलं. डॉक्टरांनी तबला-डग्गा दिला, वकिलांच्या घरून तंबोरा आला. तुमच्याकडे काही पडून असलं तर." बोलता बोलता त्यांची नजर उघड्या दारातून पलीकडच्या खोलीत गेली, आरशांवर. "ही पेटी कोणाची?"

खरं उत्तर ओठावरच होतं. पण डॉक्टरांनी दिलं, वकिलांनी दिलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपल्या घरून ही बाई रिकाम्या हातानं जायची, याची मधुसूदनरावांना लाज वाटली. लाज मोठी लबाड असते. ती माणसाला खोट्यापासून धरून ठेवते असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा तीच त्याचा हात धरून त्याला खोट्याच्या दाराशी नेऊन सोडते.

"आपलीच," ते म्हणाले.

विमलताई गेल्यावर शोभाबाईंनी कपबशा उचलल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आपली कधीपासून झाली हो?"

"आला तर नवी घेऊन देईन."

"त्याला नवी नको असेल," शोभाबाई म्हणाल्या, आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

शाळेत कार्यक्रम झाला. खोळ काढून पेटीच्या अंगावर पांढऱ्या रंगात मधुसूदनरावांचं नाव घातलं होतं, वर 'सप्रेम भेट'. त्यांना शाल दिली, नारळ दिला. बोलायला उभ्या राहिलेल्या विमलताई म्हणाल्या की भाऊंनी ही पेटी स्वतः वर्षानुवर्षं वाजवली, हात चालत होते तोवर वाजवली, आणि आता लेकरांच्या हाती दिली. हे त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे. मधुसूदनरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपण उठून सांगावं असं त्यांना वाटलं, ते उठलेही, पण समोर पोरं टाळ्या वाजवत होती. ते हात जोडून परत बसले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिपाई नानाजी पाणी ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, तुम्ही गणपतीत पेटी वाजवत होते, तवा आमचा बुढा पुढं जाऊन बसत होता. आता कोणी तसं वाजवत नाही." मधुसूदनरावांना वाटलं, याला रजा पाहिजे असेल, म्हणून गोड बोलतोय. पण नानाजीनं रजा मागितली नाही. मग बाजारात भाजीवाली तेच म्हणाली. मग एका रविवारी मंदारचा फोन आला. "बाबा, पेटी दिलीत ते फार चांगलं केलंत. पण मला थोडं वाईटच वाटलं. लहानपणी तुम्ही वाजवायचात आणि मी भात्याच्या वाऱ्याशी तोंड नेऊन बसायचो, आठवतं ना?"

मधुसूदनराव फोन कानाला लावून उभे राहिले. पोरगा थट्टा करणाऱ्यातला नव्हता. त्याच्या आवाजात खरी माया होती, आणि ती माया ज्याच्यासाठी होती तो बाप ते नव्हते.

संध्याकाळी ते विमलताईंकडे गेले. उंबऱ्यातच म्हणाले, "बाई, ती पेटी माझी नाही. मी खोटं बोललो." हे बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते त्यांच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होतं. विमलताई हसल्या. "भाऊ, दिल्यावर माझी-तुझी कशाची? तुमचा हा मोठेपणाच." मधुसूदनरावांनी शंकरसिंगाचं नाव सांगितलं, खोलीचं सांगितलं. विमलताईंनी मान हलवली, जशी आपण आजारी माणसापुढे हलवतो.

तेव्हा ते घरी आले आणि शोभाबाईंना म्हणाले, "चल माझ्याबरोबर. तू तरी सांग त्यांना, शंकरसिंगाची पेटी म्हणून."

शोभाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली. "कोण शंकरसिंग?"

"आपला भाडेकरू. रस्त्याकडच्या खोलीतला."

"ती खोली आपण कधी भाड्यानं दिलीच नाही. तिथे तुम्ही रियाजाला बसायचात." शोभाबाईंना खोटं बोलता येत नसे, हे मधुसूदनरावांना लग्नापासून ठाऊक होतं. त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या, आणि मधुसूदनराव पाहत राहिले की त्यांच्या बोटांत जराही घाई नाही.

माणसानं चूक केली की लाज वाटते, ते बरंच आहे. पण लाजेलाही साक्षीदार लागतो. ज्याच्यापुढे मान खाली घालायची असं एक तरी माणूस लागतं. सगळं गावच जर म्हणू लागलं की तू काही केलंच नाहीस, तर ती लाज जायची कुठे? ती आतच राहते, आणि मळ्यातल्या बिनमालकाच्या ढोरासारखी सगळं चरत सुटते.

शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांनी हट्ट धरला, आजोबांनी वाजवायचं. मधुसूदनरावांना बरंच वाटलं. म्हटलं, आता पेटीपुढे बसतो, चार बोटं वेडीवाकडी मारतो, म्हणजे सगळ्यांना आपोआप कळेल. ते बसले. डाव्या हातानं भाता ओढला, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, आणि बोटांना रस्ता ठाऊक होता. सूर निघाला, त्यात दुसरा मिसळला. त्यांच्या गळ्यातून एक भजन वर आलं, त्यांनी कधी न शिकलेलं, त्यांना न कळणाऱ्या बोलीतलं. ते थांबायला पाहत होते, पण भजन संपल्याशिवाय हात उचलेनात. पोरं डोलत होती. पहिल्या रांगेत शोभाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

त्यानंतर त्यांनी ठरवलं, तांड्यावर जायचं. राळेगावात नाही तर नाही, पण शंकरसिंगाची बायको तर त्याला विसरणार नाही. तिच्यापुढे उभं राहून एकदा खरं सांगायचं, तिच्या शिव्या खायच्या, आणि आपण कोण ते आपल्याला परत मिळवायचं. एस.टी.च्या खिडकीशी बसून ते वाटभर तीच वाक्यं मनात घोळवत राहिले. 'बाई, मी राळेगावचा मधुसूदन. पेटी माझ्याकडे ठेव होती. ती मी माझी म्हणून देऊन टाकली.' बाहेर पऱ्हाटीची, कापसाची वावरं मागं मागं जात होती.

तांड्याच्या तोंडाशी धावजी म्हणून एक म्हातारा लिंबाखाली दोर वळत बसला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "आला काय रे शंकऱ्या. लय वाळला तू."

"मी तो नव्हे, बाबा."

"बरं, नव्हे तर नव्हे. जाय घरी, पानी पे," धावजी म्हणाला आणि पुन्हा दोराला पीळ घालू लागला.

रुक्माबाई कुडाच्या आत चुलीसाठी पऱ्हाट्या मोडत होती. पावलं वाजली तशी ती उठली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. पुष्कळ वेळ पाहत राहिली. त्या पाहण्यात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. मधुसूदनरावांनी कुडाबाहेरूनच, घोळलेली सगळी वाक्यं एका दमात सांगून टाकली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "मला फार लाज वाटते."

"पेटी शाळेले देल्ली?" रुक्माबाईनं विचारलं. "पोरायले?"

"हो."

"मंग लाज कायची त्यात? ज्याची पेटी, त्यानं देल्ली. चोरून थोडीच देल्ली."

ऊन उतरत होतं. कुठंतरी शेळी ओरडली. आणि मधुसूदनरावांच्या छातीवरचं ते ओझं, जे राळेगावात कोणी उतरवून घेत नव्हतं, ते एकदम हललं. ज्याची पेटी त्यानं दिली, तर त्यात पाप नाही. ज्याची, त्यानं. फक्त एवढंच कबूल करायचं होतं.

"चाल, घरेन चाल," रुक्माबाई तिच्या बोलीत म्हणाली.

ती बोली त्यांना येत नव्हती. तरी "आरोचू" असं उत्तर त्यांच्या तोंडून गेलं, येतो म्हणून, आणि ते वाकून कुडाच्या आत आले. अंजूनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि "बा" म्हणाली. पण ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली नाही, आईकडे पाहून म्हणाली. रुक्माबाईनं होकाराची मान हलवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो माणूस फुलसावंगीला फोनच्या दुकानात गेला. राळेगावच्या घरचा नंबर अजून पाठ होता. पलीकडून शोभाबाईंचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

त्याला आपलं नाव सांगता येईना. "साहेब हायत काय घरी?" तो म्हणाला.

"ते आत्ताच कचेरीत गेले." आणि 'कोण शंकरसिंग?' म्हणणाऱ्या त्याच शोभाबाईंनी विचारलं, "कोण, शंकरसिंग का? बरे आहात ना? हे तुमची नेहमी आठवण काढतात हो. तुमची पेटी शाळेला दिली म्हणून रागावला नाहीत ना?"

"नाही बाई," तो म्हणाला. "लाज कायची त्यात." आणि त्यानं फोन हलकेच खाली ठेवला.

मग त्या घराला बरे दिवस आले. गावागावांतली सुतकं हळूहळू फिटली, भजनं पुन्हा बसू लागली, आणि पेटीवाल्याला, उसन्या पेटीवर का होईना, वाजवायला जिथून तिथून बोलावणं येऊ लागलं. पलीकडच्या शाळेनं त्याला पोरांना शिकवायला ठेवलं. कुडाच्या घरावर टिनं आली, दारात म्हैस आली, अंजू सायकलीवर शाळेत जाऊ लागली. त्या साली कापूसही पांढराशुभ्र फुटला. देवानं त्यांचे दिवस पालटले तसे सगळ्यांचे पालटोत.

आता त्या घरात भाकरीला तोटा नाही. दिवस मावळला की रुक्माबाई दोन ताटं वाढते. एक त्याच्यापुढे ठेवते. दुसरं झाकून दाराशी ठेवते, आणि दार उघडं राहू देते. ते कोणासाठी, हे तो विचारत नाही. मान खाली घालून जेवतो.