माणसं मी धरते

मित्रांनो, मी साप उचलायची एक जुनी आकडी आहे. जन्माने मात्र छताच्या पंख्याची दांडी. पंखा जळाला आणि मी भंगारात निघाले, तेव्हा पंखे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला बाजूला काढले. साप वाचवायचा त्याला भारी नाद. त्याच्या मेहुण्याने माझ्या टोकाला वाकवलेली सळई जोडून दिली आणि कपाळाला हात लावला. "दाजी, तुमचा हा नाद सोडवायला ताईने मला पाठवलं होतं. आणि मी तुम्हाला आकडी करून देतोय."

तेव्हापासून मी त्याच्याबरोबर न्हाणीघरात, चपलांच्या कपाटात, कोंबड्यांच्या खुराड्यात शिरले. झोपलेल्या बाळाच्या मानेखाली हात घालावा, तसा तो मला सापाखाली सरकवी. लोक वाहवा करीत. साप लांब झाडीत सोडला की तो मला स्वच्छ पुसून ठेवी.

एका दुपारी एका आजींच्या स्वयंपाकघरात सिलिंडरमागे नाग निघाला. बघ्यांची ही गर्दी! "जरा मागे सरा," तो सांगत होता, पण ऐकतो कोण? नाग पिशवीत शिरणार, एवढ्यात एका शेजाऱ्याचा मोबाइल धरलेला हात त्याच्या खांद्यावरून पुढे आला. धक्का लागला. घाबरलेला नाग वळला आणि मला धरलेल्या बोटाला चावून पुन्हा सिलिंडरमागे गेला.

मी फरशीवर पडले. त्याच शेजाऱ्याने मला उचलून नागावर उगारले. मला असे कधी कुणी धरले नव्हते.

"मारू नका," भिंतीला टेकत तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला चावलाय तो."

"मला चावलाय ना? मग माझंच ऐका. ती आकडी खाली ठेवा."

आजींनी मला शेजाऱ्याच्या हातातून काढून घेतले. सगळ्यांना बाहेर काढून स्वयंपाकघराचे दार लावले आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. कुणीतरी दोरी आणली. "बांधू नका, कापू नका," तो म्हणाला, "फक्त लवकर दवाखान्यात न्या."

गाडीत त्याचा हात आजींच्या मांडीवर होता आणि मी त्यांच्या पायाशी. त्याच्या पापण्या जड होत चालल्या होत्या.

"घरी कळवू नका, ती घाबरेल," तो पुटपुटला.

"घाबरू दे," आजी म्हणाल्या. "तो तिचा हक्क आहे. नंबर सांगा."

दवाखान्यात त्याची बायको आली, तेव्हा डॉक्टर त्याला आत घेऊन गेले होते. आजींनी मला तिच्या हाती दिले. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही, पण मला खालीही ठेवले नाही. बाकावर बसून ती मला घट्ट धरून राहिली. तिचा तळवा घामाने भिजला होता.

तो वाचला, मित्रांनो. त्या नागालाही दुसऱ्या सर्पमित्राने सुखरूप झाडीत सोडले. याचे बोट मात्र आता वाकत नाही. घरी आल्यावर बायकोने मला कपाटामागे टाकले. माझ्यावर गंज चढला, कोळ्याने जाळे विणले. मला राग आला नाही. तिच्या हाताचा घाम मला ठाऊक होता.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी फोन वाजला. मागच्या गल्लीत साप निघाला होता, लोक काठ्या घेऊन जमले होते. "मी आता जात नाही," त्याने सांगितले आणि तो आपल्या बोटाकडे बघत बसला. चहाही तसाच निवला.

बायकोने बराच वेळ ते पाहिले. मग कपाटामागून मला ओढून काढले आणि फडक्याने खसाखसा पुसले.

"चला."

"कुठे?"

"साप तुम्ही धरा. माणसं मी धरते."

तेव्हापासून ती दारात उभी राहते. काय बिशाद कुणाची उंबरा ओलांडायची! आत तो आणि मी सावकाश काम करतो. अवघडलेल्या बोटामुळे त्याला वेळ लागतो. पण बाहेरून तिचा आवाज ऐकू येत असला की त्याची पकड सैल पडत नाही.

मित्रांनो, साप दिसला तर काठी शोधू नका. लांब व्हा, जाणत्या माणसाला बोलवा आणि तो आला की त्याला जागा द्या. तो कितीही धीट दिसला, तरी त्याला परत घरी जायचे असते. सापालाही.