सोपं गेलं ना?

“जोडीने काम करणं सोपं गेलं ना तुम्हाला?” नवऱ्याने विचारलं, आणि बाईंनी ते जुनं रेकॉर्डिंग थांबवलं.

तो जाऊन वर्ष होत आलं होतं. दोघंही एकाच विद्यापीठात प्रोग्रामर लोकांच्या कामाचा अभ्यास करत. प्रोग्राम एकट्याने न लिहिता जोडीने लिहिला की काम सोपं जातं, हा त्याचा निष्कर्ष चांगलाच गाजला होता. तो पुन्हा तपासून आणखी पक्का करावा, म्हणून बाईंनी नव्या लोकांवर तोच प्रयोग केला. “काम कसं झालं?” एवढंच विचारलं. उत्तरं त्याच्या निष्कर्षाशी जुळेनात. म्हणून त्या जुन्या मुलाखती ऐकायला बसल्या होत्या.

जोडीने काम केलेल्यांना तो विचारायचा, सोपं गेलं ना? एकट्याने केलेल्यांना विचारायचा, अडचण कुठे आली? त्यात लबाडी नव्हती. जोडीच्या कामावर त्याचा जीव होता, इतकंच. समोरचा जरा घुटमळायचा आणि म्हणायचा, “हो, सोपंच म्हणायचं.”

मग तो आवाज घरीही येऊ लागला. भाजी चिरताना आतल्या खोलीतून ‘ना?’ ऐकू यायचं, आणि बाईंच्या तोंडून ‘हो’ निघून जायचं. बरी आहेस ना, चालेल ना, राग नाही ना, असंच तो विचारत आला होता. त्या हो म्हणत आल्या होत्या. त्यातलं खरं किती, हे आता त्यांनाही सांगता येईना.

निष्कर्ष प्रश्नांमुळेच चुकला, असा लेख आई लिहितेय हे मुलीला कळलं तेव्हा ती बिथरली. बाबांचं नाव मातीत जाईल, आणि बाजू मांडायला ते नाहीत, म्हणाली.

“म्हणून तर त्यांचे प्रश्न जसेच्या तसे छापतेय,” बाई म्हणाल्या.

लेख छापून आला. आता एकच काम उरलं होतं. अभ्यास संपला की तुमचे आवाज पुसून टाकू, असं मुलाखती देणाऱ्यांना लिहून दिलेलं होतं. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. मुलगी ऑफिसात येऊन बसली.

“एक तरी ठेव, आई.”

“त्यात समोरच्याचाही आवाज आहे गं. शब्द बाबांनीच दिला होता.”

शेवटची मुलाखत बाईंनी हेडफोन लावून एकदा ऐकली, मग पुसली. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिने विचारलं, शेवटी काय म्हणाले बाबा?

“समोरच्याला म्हणाले, ऊन येतंय तुमच्या डोळ्यांवर, खुर्ची जरा इकडे घ्या.”