प्लेटवरची बुरशी

"खिडकी कोणी उघडी टाकली?" लॅबमध्ये पाय ठेवताच मी खेकसलो.

हातातल्या, जंतू वाढवायच्या प्लेटवर हिरवट बुरशीचा ठिपका होता. प्लेट वॉर्डातल्या एका शिंप्याच्या रक्ताची. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली होती. आता तीन आठवडे ताप हटत नव्हता आणि रक्तात जंतू काही सापडत नव्हते.

"मी नाही हो, भाऊ," फडकं पिळत सफाईवाल्या मावशी म्हणाल्या.

"मग काय, बुरशी चालत आली?"

हवेतली बुरशी प्लेटवर बसते, हे आम्हा लॅबवाल्यांना तोंडपाठ. तरी डॉक्टरांना कळवायचं असतं. पण एकतीस वर्षांत माझी एकही प्लेट खराब झाली नव्हती. आता कुठल्या तोंडाने सांगू? प्लेट फेकली आणि रिपोर्ट लिहिला: जंतूंची वाढ नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी शिंप्याचा पाय एकाएकी गार पडला. रक्तवाहिनीत अडकलेली गाठ सर्जननी काढून आमच्याकडे धाडली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. नुसते बुरशीचे धागे! झडपेवर वाढलेल्या बुरशीचा तुकडा सुटून पायात गेला होता.

"फारच क्वचित होतं असं," डॉक्टर म्हणाले. "कोणाच्या डोक्यात येणार?"

"माझ्या डोळ्यांसमोर प्लेटवर होती, डॉक्टर. मी फेकली."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आता उगाच बभ्रा नको."

दुसऱ्या दिवशी झडप बदलायला नेलेला शिंपी ऑपरेशनच्या टेबलावरच गेला.

आठवड्याने त्याची बायको कागद न्यायला आली. मावशींनी तिला स्टूल दिलं. मी रिपोर्ट पुढे केला, पण तो हातातून सुटेना. शेवटी सगळं सांगून टाकलं. फार लाज वाटली.

"आधी कळतं तर वाचले असते?"

"ते नाही सांगता येणार, ताई. पण औषध नऊ दिवस आधी सुरू झालं असतं."

ती रडली नाही. कागद माझ्याकडे परत सरकवत म्हणाली, "हे बोललात ना, ते लिहून द्या."

मी पेन उघडलं.

"कुठल्या दिवशी फेकलीत?"

"सोमवारी."

"त्या सोमवारी ते आपल्या पायांनी जिना उतरून खाली आले होते," ती म्हणाली. "मला रिक्षात बसवून द्यायला."

मी तारीख लिहिली आणि खाली सही केली.